वॉटर स्की जम्पिंग : हवेत उडणं एक वेळ जमतं, पण पाण्यावर उभं उतरायचं कसं?

रील स्क्रोल करताना हा व्हिडीओ कधी ना कधी तुमच्यासमोर आला असेल. एक बोट सुसाट जातेय, तिच्या मागे दोराला धरून एक माणूस पायात लांबलचक पट्ट्या घालून पाण्यावरून घसरत येतोय. समोर पाण्यातूनच वर आलेला एक उतार. माणूस त्यावर चढतो, हवेत फेकला जातो आणि पुढे दोन गोष्टींपैकी एक होते. एक तर तो पाण्यावर धप्पकन उतरून तसाच पुढे निघून जातो, नाहीतर पाण्यात असा काही आपटतो की कमेंटमध्ये हसण्याचे इमोजी पडतात.

हसायला काही जात नाही, पण त्या दोन शेवटांमधला फरक हाच या खेळाचा सगळा मुद्दा आहे. कारण वॉटर स्की जम्पिंगचा नियमच तसा आहे. कितीही लांब उडी मारा, उतरल्यावर पायांवर राहून पुढे स्की करत गेलात तरच ती मोजली जाते. ७० मीटर उडालात आणि पडलात, तर हिशोब शून्य.

मग प्रश्न येतो की उतरण्याचा आत्मविश्वास आणायचा कुठून? बहुतेकांना वाटतं, हा हिमतीचा विषय आहे. डोळे मिटायचे आणि ठोकून द्यायचं. प्रत्यक्षात तसं नाही. लँडिंग चांगलं होणार की वाईट, हे बऱ्याचदा पाण्याला स्पर्श व्हायच्या आधीच, म्हणजे रॅम्पवरच्या त्या अर्ध्या सेकंदात ठरून गेलेलं असतं.

आधी हा खेळ नेमका काय आहे ते बघू

वॉटर स्कीइंगच्या स्पर्धांमध्ये तीन मुख्य प्रकार असतात. स्लॅलम म्हणजे पाण्यात लावलेल्या बोयांना वळसे घालत जाणं, ट्रिक म्हणजे कसरती आणि तिसरा जम्प. जम्पमध्ये स्टाईलला मार्क नाहीत. फक्त अंतर. स्पर्धकाला सहसा तीन प्रयत्न मिळतात आणि त्यातली सगळ्यात लांब उडी धरली जाते.

रॅम्प फायबरग्लासचा, गुळगुळीत असतो. रुंदी साधारण १२ ते १४ फूट, पाण्याबाहेर आलेल्या भागाची लांबी २१-२२ फूट. पुरुषांच्या वरच्या गटात टोकाची उंची ६ फूट, म्हणजे साधारण १.८ मीटर. बाकीच्या गटांसाठी ती ५ किंवा साडेपाच फुटांवर आणली जाते. दोर २३ मीटरचा. बोट रॅम्पवर चढत नाही, तिच्या शेजारून सरळ रेषेत जाते आणि मागचा माणूस रॅम्पवरून जातो. बोटीच्या वेगाला मर्यादा आहे. वरच्या पातळीवर पुरुषांसाठी ताशी ५७ किलोमीटर, महिलांसाठी ५४.

आता कोणी म्हणेल, ५७ म्हणजे हायवेवर स्कूटर जाते तेवढाच वेग की. गंमत इथेच आहे. बोट ५७ ने जात असली तरी तिच्या मागे तिरका कट मारून येणारा स्कीअर रॅम्पवर पोहोचतो तेव्हा त्याचा वेग ताशी १०० किलोमीटरच्या आसपास असतो. दोराच्या टोकाला दगड बांधून गोल फिरवला की हातापेक्षा दगड कितीतरी जोरात फिरतो, साधारण तसंच काहीतरी.

कॅनडाच्या रायन डॉडने २०१७ मध्ये ७७.४ मीटरचा, म्हणजे २५४ फुटांचा विश्वविक्रम केला तो याच जोरावर. महिलांमध्ये ऑस्ट्रेलियाच्या जसिंटा कॅरोलने २०१६ मध्ये ६०.३ मीटरपर्यंत मजल मारली होती. क्रिकेटची खेळपट्टी साधारण २० मीटरची असते, म्हणजे डॉडने जवळजवळ चार खेळपट्ट्या हवेत पार केल्या आणि वर उभा राहून पुढे गेला.

पहिली उडी आणि डुकराची चरबी

या खेळाची सुरुवात ज्याने केली तो पहिल्याच उडीला आपटला होता, हे ऐकून नवशिक्यांना बरं वाटेल.

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात लेक सिटी नावाचं गाव आहे, लेक पेपिनच्या काठावर. तिथल्या राल्फ सॅम्युएलसन नावाच्या पोराच्या डोक्यात आलं की बर्फावर स्की चालतात तर पाण्यावर का नाही? पिंपाच्या फळ्या वापरून झाल्या, बर्फावरच्या स्की वापरून झाल्या, काही जमेना. शेवटी त्याने सुमारे ८ फूट लांब पाटे आणले, त्यांची टोकं गरम पाण्यात उकळून वर वळवली आणि जुलै १९२२ मध्ये भावाच्या बोटीमागे तो पाण्यावर उभा राहिला. वय होतं १८. वॉटर स्कीइंगचा जनक म्हणून आज त्याचं नाव घेतलं जातं, पण त्याने पेटंट काही घेतलं नाही. ते तीन वर्षांनी दुसऱ्याच एकाने, फ्रेड वॉलरने घेतलं.

त्याच १९२५ च्या उन्हाळ्यात सॅम्युएलसनने पाण्यात तरंगणाऱ्या लाकडी फलाटाचं एक टोक पाण्यात बुडवून त्याचा उतार केला आणि त्यावरून उडी मारायला गेला. स्की लाकडावर अडकल्या आणि भाऊ तोंडावर. मग त्याने फळ्यांना डुकराची चरबी चोपडली. दुसऱ्या खेपेला तो सर्रकन वर गेला आणि पलीकडे पाण्यावर उतरला. वॉटर स्कीवरची ही पहिली उडी मानली जाते.

किस्सा गमतीचा असला तरी त्यात लँडिंगचं अख्खं शास्त्र लपलंय. स्कीखालचा पृष्ठभाग बदलला की माणसाचा तोल बदलतो. सॅम्युएलसनची फळी स्कीला धरून ठेवत होती, म्हणून तो पुढे पडला. आजच्या रॅम्पवर नेमकं उलटं होतं.

तोल जातो कुठे?

उडीच्या काही सेकंदांत स्की तीन वेगवेगळ्या गोष्टींवरून जातात. आधी पाणी, मग रॅम्प, मग हवा आणि परत पाणी.

पाणी स्कीला मागे ओढत असतं. स्कीअर त्या ओढीला टेकून उभा असतो. आता तो ओल्या, मेणासारख्या गुळगुळीत रॅम्पवर आला की ती ओढ एकदम कमी होते आणि स्की पायाखालून पुढे सटकायला बघतात. ओल्या फरशीवर पाय घसरतो तेव्हा आपण पाठीवर पडतो, पोटावर नाही. तसंच नवशिके रॅम्पवर मागे झुकतात आणि हवेत जातात ते पाठ खाली करूनच.

त्यात भर म्हणजे रॅम्प वर ढकलतो. सपाट पाण्यावरून अचानक चढ लागतो, त्यामुळे एकदम कुणीतरी खांद्यावर पोतं ठेवल्यासारखं वजन वाढतं. गुडघे सैल असतील तर माणूस खाली बसतो. आणि टोकाला पोहोचला की ते वजन एका क्षणात गायब. दाबलेली स्प्रिंग सुटावी तसे पाय सरळ होतात. मनाची तयारी नसलेल्या माणसाचे पाय नको तेव्हा सरळ होतात आणि तो हवेत काठीसारखा ताठ उभा असतो. काठी उतरते कशी, हे सांगायला नको.

मग पाण्यावर परत येताना उलटा खेळ. हवेत काहीच अडवत नव्हतं, आता स्की पाण्यात टेकल्या की ब्रेक लागतो. एसटीने करकचून ब्रेक मारला की उभे प्रवासी पुढे जातात, तसं शरीर पुढे जातं. आणि त्यातून सावरतोय तोवर बोट पुढे गेलेली असते, सैल पडलेला दोर ताणतो आणि हिसका बसतो. म्हणजे लँडिंग हा एक धक्का नसून दोन धक्के असतात. पहिला पायांना, दुसरा हातांना. व्हिडीओत तुम्ही बघाल तर बरेच जण पहिल्यातून वाचतात आणि दुसऱ्यात जातात.

थोडं गणित करून बघू, म्हणजे भीती नेमकी किती खरी आहे ते कळेल. समजा, नवशिका ५ फुटांच्या रॅम्पवरून ताशी ४० किलोमीटरने सरळ जातोय. रॅम्पवरून पार व्हायला त्याला अर्ध्या सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागेल. हवेत तो एक सेकंदसुद्धा नसेल. आणि पाण्यावर टेकताना त्याचा खाली येण्याचा वेग साधारण ६ फूट उंचीच्या भिंतीवरून उडी मारल्यावर असतो तेवढा असेल. ६ फुटांची भिंत म्हणजे काही कडा नाही. गावाकडं आंब्याच्या झाडावरून याहून उंच उड्या पोरं मारतात. शिवाय इथे खाली जमीन नसून पाणी आहे आणि पुढे जाण्याचा वेग असल्यामुळे लांब स्की पाण्यावर घसरत उतरतात. पण त्या भिंतीवरून ताठ गुडघ्यांनी उडी मारली तर काय होईल, याचा विचार करा.

म्हणजे धक्का झेलण्यासारखा आहे. शरीर चुकीच्या आकारात असेल तर मात्र नाही.

सुरुवात पाण्यात नाही, काठावर

ही गोष्ट व्हायरल व्हिडीओत कधीच दिसत नाही, कारण ती बघायला भयंकर कंटाळवाणी आहे. चांगले प्रशिक्षक नवख्या माणसाला आधी गवतावर उभं करतात. पायात जम्प स्की, हातात हँडल, समोरून कोणीतरी दोर ओढतंय. आणि एकच आकार धरून ठेवायचा.

तो आकार असा. पाय खांद्यांपेक्षा थोडे कमी अंतरावर, दोन्ही स्की समांतर. गुडघे आणि घोटे चांगले वाकलेले. कंबर टाचांच्या मागे लोंबकळत नाही, पायांच्या वर आहे. छाती उघडी, पाठ सरळ. हँडल दोन्ही हातांत, खाली, कंबरेजवळ. कोपर अंगाला चिकटलेले. नजर समोर लांब, पलीकडच्या काठावरच्या झाडांच्या शेंड्यांकडे.

यात दोन गोष्टींवर लोक हमखास चुकतात. पहिली कंबर. ‘खाली वाक’ म्हटलं की माणूस गुडघ्यांऐवजी कंबरेत वाकतो, इंडियन टॉयलेटवर बसल्यासारखा, छाती मांड्यांवर. दिसायला तो बुटका झालेला असतो, पण त्याच्या पायात धक्का झेलायला जागाच उरलेली नसते. दुसरी नजर. रॅम्पवर चढताना खाली बघायचा मोह प्रत्येकाला होतो, साहजिक आहे, धोका तिथेच दिसतोय ना. पण डोकं खाली गेलं की खांदे जातात, खांद्यांमागे कंबर, आणि हवेत स्कीची टोकं खाली झुकतात. टोक आधी पाण्यात घुसलं तर माणूस पुढून उलटून जातो. या खेळातल्या सगळ्यात वाईट पडण्यांपैकी हे एक.

काठावर हा आकार जमला की पुढची पायरी ठेंगण्या बाकावरून किंवा पायरीवरून जमिनीवर उड्या मारण्याची. स्की न घालता. दोन्ही पायांवर एकत्र, आवाज कमीत कमी करत उतरायचं. आवाज मोठा आला म्हणजे गुडघ्यांनी काम केलं नाही.

मग पाण्यावर, पण रॅम्पशिवाय. जम्प स्की या नेहमीच्या स्कीपेक्षा बऱ्याच लांब आणि रुंद असतात. वरच्या खेळाडूंच्या तर सव्वादोन मीटरच्याही पुढे जातात. त्यांच्यावर वळणं, थांबणं, बोटीमागे उठणाऱ्या लाटा ओलांडणं हे सगळं वेगळं वाटतं. या लाटांना स्कीअर ‘वेक’ म्हणतात. वेक ओलांडताना प्रत्येक वेळी तोच आकार टिकतो का, हे बघायचं. त्या एक-दीड फुटाच्या लाटेवर जर तुमचे हात वर उडत असतील तर ५ फुटांच्या रॅम्पवर ते कुठे जातील, ते सांगायला ज्योतिषी नको.

पहिल्यांदा रॅम्पवर : उडी मारायची नाही

होय, बरोबर वाचलंत. पहिल्या काही खेपांना उडी मारायचीच नसते. फक्त रॅम्पवरून पलीकडे जायचं असतं.

रॅम्प सगळ्यात खालच्या उंचीवर आणलेला असतो. बोटीचा वेग वजन आणि वयाप्रमाणे ताशी ४० किलोमीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी. बोट रॅम्पच्या बरीच जवळून जाते, म्हणजे स्कीअरला तिरकं यावं लागत नाही. तो वेकच्या जरा बाहेर, रॅम्पच्या रेषेत आधीच येऊन थांबलेला असतो. रॅम्पच्या बऱ्याच आधी आकार धरायचा आणि तो पुन्हा पाण्यावर येऊन दोन-तीन सेकंद होईपर्यंत सोडायचा नाही. ‘वर पोहोचल्यावर काय करायचं?’ या प्रश्नाचं उत्तर ‘काहीच नाही’ असं आहे. गुडघे ताठ करायचे नाहीत, हँडल छातीकडे ओढायचं नाही, वाकून बघायचं नाही.

हँडल ओढणं ही तर सार्वत्रिक सवय. माणूस घाबरला की हातात जे असेल ते घट्ट धरून स्वतःकडे ओढतो. लोकलमध्ये गाडी हलली की वरची कडी ओढतो ना, तसंच. पण इथे दोर ओढला की खांदे मागे जातात, वजन टाचांवर येतं आणि रॅम्पवरच्या घसरणीला आयती मदत मिळते. म्हणून हात पूर्ण लांबही नको आणि ओढलेलेही नको, कंबरेजवळ शांत.

आणि एक पर्याय कायम खिशात असायला हवा : नाही म्हणण्याचा. रॅम्पच्या आधी ठरावीक अंतरावर आपण तोल धरून नसू, एक स्की हलत असेल, रेषा चुकली असेल, तर रॅम्प टाळून बाजूने निघून जायचं. स्पर्धेत तसं केलं तर एक प्रयत्न खर्च होतो, सरावात काहीच जात नाही. ही फार महत्त्वाची गोष्ट आहे, कारण अर्धवट मनाने, शेवटच्या क्षणी वळायला जाणारा माणूस रॅम्पच्या कडेवर जाऊन आदळू शकतो. पडण्यापेक्षा ते कितीतरी धोकादायक. याचसाठी बोटीकडच्या बाजूला रॅम्पला उतरता पडदा लावलेला असतो, म्हणजे चुकून कोणी तिकडून आला तरी तो कोपऱ्यावर न आपटता घसरून जावा. निर्णय लवकर घ्यायचा आणि घेतला की बदलायचा नाही.

उतरताना

आता मूळ विषय. हवेत असताना पाय खाली पाण्याला शोधत लांब करायचे नसतात. पाणी आपोआप येतंच. गुडघे थोडे वाकलेले, स्कीची टोकं किंचित वर, दोन्ही स्की एकाच पातळीत. आधी मागची टोकं टेकतात, मग उरलेली स्की. टेकल्याबरोबर गुडघे आणि घोटे आणखी वाकून धक्का पितात.

बाईकवरून मोठ्या स्पीड ब्रेकरवरून जाताना तुम्ही सीटवरून थोडे उठता, गुडघे सैल ठेवता आणि गाडीला खालून वर येऊ देता. लँडिंग तेच आहे. ताठ बसून राहिलात तर मणक्यात कळ जाते आणि पूर्ण सैल सोडलंत तर टाकीवर आपटता. मधलं काहीतरी.

पाणी टेकल्यावर बसकण मारणं ही दुसरी नेहमीची चूक. माणसाला वाटतं, आलो बाबा खाली, संपलं. आणि तो सैल होतो. नेमका त्याच क्षणी दोराचा हिसका येतो. त्यामुळे प्रशिक्षक सांगतात की उडी पाण्यावर संपत नाही. हँडल कंबरेजवळ दाबून धरा, नजर वरच ठेवा आणि हिसका येऊन गेल्यावर हळूहळू उभे राहा. बसकण मारूनही हिसक्याबरोबर परत उभं राहता आलं तर उडी वाचते, पण त्याच्यावर भरवसा ठेवायचा नसतो.

आणि पडायचंच असेल तर? हँडल सोडून द्यायचं, लगेच. हात-पाय पसरून वाचायचा प्रयत्न करायचा नाही, अंग आखडून घ्यायचं. लांब स्की हातभर कोनात पाण्यात फसली तर पिळवटला जातो तो गुडघा, आणि या खेळात गुडघ्याच्या दुखापती ही जुनी डोकेदुखी आहे. स्कीचे बूट अशा वेळी पायातून सुटावेत अशा बेताने बसवलेले असतात. फार घट्ट बूट म्हणजे सुरक्षित, हा गैरसमज आहे.

आत्मविश्वास येतो कसा आणि जातो कसा

एकदा जोरात पडलेला माणूस पुढच्या खेपेला काय करतो? थोडा ताठ होतो. थोडा मागे झुकतो. हँडल थोडं ओढतो. म्हणजे ज्या तीन गोष्टींमुळे पडायला होतं, भीती नेमक्या त्याच तीन गोष्टी करायला लावते. म्हणून तो परत पडतो आणि त्याची खात्रीच पटते की आपल्याला जमणार नाही. बाजूने मित्र ओरडतात, ‘घाबरतोस काय, जा बिनधास्त!’ त्याने फरक पडत नाही, कारण गुडघ्यांना भाषण कळत नाही.

उपाय वाटतो त्याहून साधा आहे, पण अहंकाराला झोंबणारा. एक पायरी खाली यायचं. वेग कमी करायचा, रॅम्प खाली आणायचा, तिरकं येत असाल तर पुन्हा सरळ यायचं. नाहीतर रॅम्प सोडून वेकवर परत जायचं. जिथे दहापैकी दहा वेळा उभं उतरता येतं तिथे परत जायचं आणि ‘उभं उतरणं’ हीच शरीराची सवय करायची. मग एका वेळी एकच गोष्ट बदलायची. वेग वाढवला तर उंची तीच, उंची वाढवली तर वेग तोच. दोन्ही एकदम बदलले आणि पडलात तर कशामुळे पडलात तेच कळत नाही.

दुसरं म्हणजे थांबायचं कधी. उड्यांचा सराव म्हणजे जिममधले रिपिटिशन नव्हेत. मांड्या थकल्या की गुडघे वाकत नाहीत आणि दिवसाची शेवटची ‘अजून एक’ उडी ही बहुतेकदा वाईट असते. चांगल्या उडीवर दिवस संपवणं हे अंधश्रद्धेसारखं वाटेल, पण त्यामागे हे सरळ कारण आहे.

तिसरं, व्हिडीओ. तोच फोन, जो पडलेल्यांवर हसायला वापरला जातो. बोटीतून काढलेला आणि काठावरून बाजूने काढलेला, असे दोन कोन असले तर कंबर कुठे होती, नजर कधी खाली गेली, हे स्लो मोशनमध्ये लख्ख दिसतं. पडलेल्याला नेहमी वाटतं की आपण उतरताना चुकलो. व्हिडीओ बहुतेक वेळा रॅम्पच्या खालच्या टोकाकडे बोट दाखवतो.

मग ते ७० मीटर कुठून येतात?

सरळ जाऊन उभं उतरणं हातात आलं की पुढे कट येतो. बोटीच्या एका बाजूला रॅम्प असतो. स्कीअर आधी वेकच्या आतून, मग एक वेक ओलांडून आणि शेवटी बोटीच्या पार उलट्या बाजूला लांब जाऊन, तिथून दोन्ही वेक कापत रॅम्पवर येतो. या शेवटच्या प्रकाराला डबल वेक कट म्हणतात आणि वरच्या पातळीवर सगळे हाच करतात. रॅम्पवर घालवायला तेव्हा फक्त पाव सेकंदाच्या आसपास वेळ असतो.

त्या पाव सेकंदात पायांनी रॅम्पला खाली ढकलायचं, याला किक म्हणतात. नवशिक्याला पाय सरळ करू नको असं महिनोन्महिने बजावलं जातं आणि नंतर नेमकं तेच शिकवलं जातं, हा या खेळातला विनोद आहे. फरक एवढाच की तेव्हा पाय घाबरून सरळ होत होते, आता ठरवून होतात.

बोट चालवणाऱ्याचं काम मात्र कोणाला दिसत नाही. बोट रेषेतून हलली किंवा वेग वरखाली झाला तर स्कीअरचं सगळं गणित चुकतं. पूर्वी हे चालकाच्या हातावर होतं, आता स्पर्धांच्या बोटींत जीपीएसवर चालणारी वेग-नियंत्रण यंत्रणा असते. उतरण्याचं अंतरही आता कॅमेऱ्यांनी मोजलं जातं. पाणीही शांत लागतं, म्हणून बऱ्याच स्पर्धा मुद्दाम खणलेल्या लांबट तळ्यांवर होतात. अपवाद मेलबर्नच्या मूम्बा मास्टर्सचा. तिथे शहराच्या मधोमध यारा नदीत, रात्री दिव्यांच्या झोतात उड्या होतात आणि काठावर जत्रा भरलेली असते.

अंगावर काय असतं? हेल्मेट, जाड पॅडिंगचा वेटसूट, काहींच्या एका हाताला तो अंगाजवळ राहावा म्हणून पट्टा. हेल्मेटशिवाय रॅम्पकडे बघायचंही नाही.

गोव्यात पर्यटकांना वॉटर स्कीइंग करायला मिळतं, त्यामुळे इथेही जम्प करून बघू, असा विचार कोणाच्या मनात येऊ शकतो. समुद्राच्या लाटांवर, पर्यटकांच्या बोटीमागे, लाकडी फळ्यांच्या जुगाडू उतारावर हे करायचं नसतं. नियमात बसणारा रॅम्प, रॅम्पची सवय असलेला चालक, बोटीत मागे तोंड करून बसलेला दुसरा माणूस आणि किनाऱ्यावर प्रशिक्षक, यातलं एक जरी नसेल तर वेकवर थांबलेलं बरं.

बोटीतला तो दुसरा माणूस हवाच, कारण चालकाची नजर पुढे असते आणि इंजिनाच्या आवाजात ओरडलेलं ऐकू येत नाही. सगळं खुणांवर चालतं. अंगठा वर म्हणजे वेग वाढव, अंगठा खाली म्हणजे कमी कर, डोक्यावर थाप म्हणजे आता परत चल. आणि पडल्यावर पाण्यातून दोन्ही हात डोक्यावर जोडून दाखवले की अर्थ होतो, मी ठीक आहे. ती खूण दिसली नाही तर बोट विचारत बसत नाही, सरळ त्याच्याकडे वळते.